लॉकडाऊनमध्ये राहिलेलं ऑपरेशन आता करायचंय? तारीख घ्यायच्या आधी हे करा

आमच्या ओटीच्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या, रजिस्टरमध्ये मार्च २०२० चं एक पान आहे. ९ नावं, ९ ऑपरेशनं आणि प्रत्येकासमोर माझ्याच अक्षरात लाल पेनाने लिहिलेलं ‘पुढे’. तातडीची नसलेली ऑपरेशनं थांबवा अशी सूचना केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाकडून आलेली होती, मग २४ तारखेच्या रात्री लॉकडाऊन जाहीर झाला, आणि मी एकेकाला फोन करून सांगत होते की काळजी करू नका, पंधरा-वीस दिवसांनी तारीख देते. त्या पंधरा-वीस दिवसांची दोन वर्षं झाली. मधे थोडं सुरू झालं, परत बंद पडलं, एप्रिल २०२१ ला तर नाशिकमध्ये माणसं ऑक्सिजनच्या सिलेंडरसाठी रात्र रात्र फिरत होती, तेव्हा नाक, पोट, व्रण असलं काही कुणाच्या मनातसुद्धा येत नव्हतं. मग २०२२ मध्ये १ एप्रिलपासून, म्हणजे पाडव्याच्या आदल्या दिवसापासून, राज्यातले निर्बंध उठले आणि फोन परत वाजायला लागले.

बहुतेक फोन एकाच वाक्याने सुरू होतात, “सिस्टर, माझी फाईल आहे ना तुमच्याकडे, रिपोर्ट सगळे झालेत, फक्त तारीख द्या.”

फाईल आहे, जपून ठेवलीये. पण ती २०२० मधल्या तुमची आहे, त्यानंतर कुणाचं वजन दहा किलोने वाढलंय, कुणाला कोविड होऊन गेलाय, कुणाला शुगर निघालीये, कुणाला गोळ्या चालू झाल्यात आणि फाईलला यातलं काहीच माहिती नाही. म्हणून तारीख सगळ्यात शेवटी घ्यायची, आणि आपण जणू पहिल्यांदाच डॉक्टरकडे चाललोय असं समजून सुरुवात करायची. त्याच्या आधी काय काय करायचं ते सांगते. मी डॉक्टर नाहीये, नाशिकमध्ये प्लास्टिक सर्जरीच्या ओटीत नर्स म्हणून १४ वर्षं काढलीत, त्यामुळे पेशंट कुठे अडकतात ते रोज समोर दिसतं, पण कुठलीही गोळी चालू किंवा बंद करायची ती तुमच्या डॉक्टरांना विचारूनच.

आधी एक गैरसमज काढूया. इलेक्टिव्ह म्हणजे हौसेचं ऑपरेशन असं लोकांना वाटतं, तसं नाहीये, ज्याची तारीख आपल्याला ठरवता येते ते इलेक्टिव्ह. टाळू दुभंगलेलं बाळ असेल तर त्याचं ऑपरेशन साधारण ९ ते १८ महिन्यांच्या वयात व्हावं असं बघतात, कारण उशीर झाला की बोलायला शिकताना नाकातून बोलायची सवय लागते आणि ती नंतर जाता जात नाही, पण कागदावर तेही इलेक्टिव्हच. त्या ९ नावांत पेठ तालुक्यातली एक मुलगी होती, चुलीतल्या निखाऱ्यांवर हात पडून तळवा भाजलेला, जखम भरताना बोटं आत ओढली गेलेली. तेव्हा पाच वर्षांची होती. निर्बंध उठल्यावर आली ती सात पूर्ण करून, शाळा सुरू झाली आणि पेन्सिल धरता येईना म्हणून आई घेऊन आली. मी तिची बोटं हळूच सरळ करून बघत होते तर मधलं बोट अर्ध्यापर्यंतसुद्धा येईना, दुखतंय असं ती म्हणाली नाही, नुसती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. हाड वाढलं पण व्रणाची कातडी त्याच्याबरोबर वाढत नाही, त्यामुळे जे एका ऑपरेशनात झालं असतं त्याला आता दोन लागतील असं आमचे सर्जन सर म्हणाले. तर भाजून आवळलेले सांधे, टाळू-ओठ, म्युकरमध्ये (काळ्या बुरशीत) जबडा किंवा डोळा काढावा लागलेले पेशंट, कॅन्सरमध्ये स्तन काढलेल्या बायका, पापणी इतकी उतरलेली की समोरचं दिसत नाही, असं तुमच्या घरात कुणी असेल तर ‘बघू दिवाळीनंतर’ म्हणू नका, या आठवड्यात दाखवा. आणि नाक, पोट, लायपो (चरबी काढणं), छाती, केस असं ज्यांचं राहिलंय त्यांनीही त्यात लाजायचं काही नाही, तो तुमचा तुमच्या शरीराबद्दलचा निर्णय आहे, फक्त तुमच्या हातात वेळ आहे, तो नीट वापरा.

म्हणजे पहिलं काम, ते ऑपरेशन आजही हवंय का हे शांतपणे बघा. दोन वर्षांत लोकांनी स्वतःचा चेहरा मोबाईलमध्ये जेवढा बघितला तेवढा आरशात कधी बघितला नसेल, ऑनलाईन मीटिंग, ऑनलाईन क्लास, व्हिडिओ कॉल, आणि माझं नाक एवढं पसरट कधी झालं असं विचारत मुली येतात. यावर २०१८ मध्ये एक अभ्यास छापून आलेला आहे, १२ इंचावरून काढलेल्या सेल्फीत नाकाचा खालचा भाग ५ फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतो. त्यामुळे आधी घरातल्या कुणाला तरी पाच फूट लांब उभं करा, मागच्या कॅमेऱ्याने समोरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढायला सांगा, ते फोटो आठवडाभर राहू द्या आणि मग ठरवा. डॉक्टरांना दाखवायलाही तेच फोटो आणा, फिल्टर लावलेले नकोत.

केसांचं तर अजूनच वेगळं आहे. कोविड किंवा कुठलाही मोठा ताप येऊन गेला की दोन-तीन महिन्यांनी केस मुठीमुठीने गळतात, कंगव्यात, उशीवर, बाथरूमच्या जाळीवर, आणि माणूस घाबरून हेअर ट्रान्सप्लांटची चौकशी करायला येतो. हे गळणं बहुतेकांचं सहा-आठ महिन्यांत आपोआप भरून येतं. आधीपासूनच टक्कल पडत असेल तर तो वेगळा विषय, पण नुसतं कोविडनंतरचं गळणं असेल तर आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासा आणि थांबा. गळतीच्या ऐन भरात ट्रान्सप्लांट करून पैसे घालवलेले दोघंतिघं मी बघितलेत, आणि अशा वेळी ‘आज बुक केलं तर एवढे टक्के कमी’ म्हणून घाई करणारी जागा असेल तर तिथून उठून या.

पोटाचं किंवा लायपोचं असेल तर वजन निदान तीन ते सहा महिने एका जागी टिकलेलं हवं. लॉकडाऊनमध्ये वाढलेलं वजन ऑफिस-शाळा सुरू झाल्यावर उतरायला लागलंय ना, मग उतरू द्या. लायपो हा वजन कमी करायचा उपाय नाही, ठरावीक जागची चरबी काढून आकार देण्याचा आहे, आणि एका वेळी ५ लिटरच्या वर काढलं तर ते मोठं लायपो धरतात, त्यात शरीरातलं पाणी-क्षार हलतात म्हणून रात्रभर दवाखान्यात देखरेखीखाली राहावं लागतं. संध्याकाळी घरी सोडतो असं कुणी मोठ्या लायपोला सांगत असेल तर दुसरीकडे विचारा.

अजून एक, हे बोलायला जड जातं पण बोलते. दुसऱ्या लाटेत ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यातले काहीजण आमच्याकडे आलेत, काहीतरी बदलायचंय एवढंच त्यांना कळत असतं. सर त्यांना नाही म्हणत नाहीत, सहा महिन्यांनी परत या म्हणतात. माझंही तेच मत आहे. दुःख ताजं असताना आरशात जे दिसतं त्यावर सुरी लावायची नसते.

आता कोविडचा हिशोब, हा नीट वाचा. तुम्हाला कोविड कधी झाला, किती झाला आणि आत्ता कसं वाटतंय या तीन गोष्टी भूलतज्ज्ञांना खऱ्या खऱ्या सांगायच्या. २०२१ मध्ये ११६ देशांतल्या १ लाख ४० हजारांवर पेशंटचा एक अभ्यास आला, त्यात दिसलं की कोविड झाल्यापासून ७ आठवड्यांच्या आत ऑपरेशन झालं तर नंतरच्या महिनाभरात फुप्फुसाचा त्रास आणि मृत्यू दोन्हीचं प्रमाण वाढतं, ७ आठवड्यांनंतर ते परत नेहमीच्या पातळीला येतं, पण तेव्हाही दम लागणं-खोकला चालूच असेल तर धोका राहतो. अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने त्या काळात ढोबळ हिशोब असा दिला होता की लक्षणं नसतील किंवा अगदी सौम्य असतील तर ४ आठवडे, खोकला-दम असूनही घरीच बरे झाले असाल तर ६, शुगर असेल, प्रतिकारशक्ती कमी असेल किंवा ॲडमिट व्हावं लागलं असेल तर ८ ते १०, आणि आयसीयूत होतात तर १२. तातडीच्या ऑपरेशनला हे लागू नाही, पण नाकाला आणि पोटाला काय घाई आहे, मी तर तेव्हा म्हणायचे सरसकट दोन महिने धरा आणि आयसीयूवाल्यांनी तीन, आता किती थांबायचं ते तुमच्या भूलतज्ज्ञांना विचारा.

आणि हे लपवू नका, कारण लपवलेलं आमच्यासमोर फार वाईट वेळी येतं. ओझरच्या एक ताई होत्या, टमी टक (पोटाची सैल कातडी-चरबी काढायचं ऑपरेशन) २०२० ला ठरलेलं, जुन्या फाईलवरच तारीख घेतली, कोविड झाला होता का विचारलं तर म्हणाल्या थोडा ताप आलेला. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी त्यांचं सामान लिहून घेत होते तर पर्समध्ये रुमालात गुंडाळलेल्या दोन स्ट्रिप निघाल्या, एक रक्त पातळ करायची आणि एक स्टेरॉइडची. दहा दिवस ऑक्सिजनवर होत्या, डिस्चार्जला या गोळ्या ठरावीक दिवसांसाठी दिलेल्या, पण परत कुणाला दाखवलंच नाही, बरं वाटतंय म्हणून मेडिकलमधून आणून चालूच ठेवलेल्या. भूलतज्ज्ञांनी तिथेच ऑपरेशन थांबवलं. रक्त पातळ असताना एवढी मोठी जखम केली तर आत रक्त साचत राहतं, आणि स्टेरॉइड बरेच दिवस घेतलं की शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनणं मंदावतं, मग ऑपरेशनचा ताण आला की बीपी एकदम खाली जाऊ शकतं, शिवाय शुगर चढते आणि जखम भरत नाही. त्यांची तीन महिन्यांची सरासरी शुगर काढली तर साडेनऊच्या वर, शुगर आहे हेच त्यांना माहिती नव्हतं. घरचे आमच्यावर चिडले, सुट्ट्या काढलेल्या, सासूबाई गावाहून आणून बसवलेल्या. पण फिजिशियनने गोळ्या हळूहळू कमी केल्या, शुगर सातच्या आसपास आणली, साडेतीन महिन्यांनी ऑपरेशन झालं आणि टाके सुरेख भरले. तर तुमचं कोविडचं डिस्चार्ज कार्ड शोधा, ते जुन्या फाईलपेक्षा महत्त्वाचं आहे, आणि घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, आयुर्वेदिक काढे-चूर्णं धरून, एका पिशवीत घालून घेऊन या. नावं आठवत बसू नका, पिशवीच आणा. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर तेही सांगा, त्यानेही रक्ताच्या गुठळीचा धोका वाढतो आणि मोठ्या ऑपरेशनआधी काही आठवडे डॉक्टर त्या थांबवायला सांगू शकतात.

रिपोर्ट सगळे नवीन करायचे. सीबीसी, शुगर आणि एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर), किडनीसाठी क्रिएटिनिन, रक्त गोठण्याची तपासणी, एचआयव्ही-कावीळ, ईसीजी, छातीचा एक्स-रे, आणि कोविड जोरात झाला असेल किंवा चाळिशीच्या पुढे असाल तर टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) सुद्धा सांगतात. घरच्या घरी एक करून बघा, जिन्याचे दोन मजले न थांबता चढा, वर जाऊन दम लागून बसावं लागलं किंवा बोटाला ऑक्सिमीटर लावल्यावर आकडा पायथ्याच्या आकड्यापेक्षा तीन-चारने उतरला तर ते भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगा. बायकांचं हिमोग्लोबिन नऊ-साडेनऊ निघणं आपल्याकडे नेहमीचं आहे, त्याला महिना-दोन महिने लोहाच्या गोळ्या लागतात, म्हणून ही तपासणी आधीच करा, आदल्या आठवड्यात कळून उपयोग नाही. नाकाचं ऑपरेशन असेल आणि कोविडमध्ये गेलेला वास अजून पूर्ण आला नसेल तर ते ऑपरेशनच्या आधी केसपेपरवर लिहून घ्या, नाहीतर नंतर ऑपरेशनमुळे वास गेला असं वाटत राहतं आणि खरं कारण कुणालाच सांगता येत नाही.

कोविडची आरटीपीसीआर दवाखाना सांगेल तसं, २०२२ मध्ये ती बहुतेक ४८ ते ७२ तास आधी करायची. पण नुकताच कोविड होऊन गेला असेल तर मेलेल्या विषाणूचे तुकडे राहून टेस्ट तीन महिन्यांपर्यंतही पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून जुना पॉझिटिव्ह रिपोर्ट तारखेसकट जपून ठेवा. लस किंवा बूस्टर घ्यायचा असेल तर ऑपरेशनच्या निदान आठवडाभर आधी उरका, कारण लशीचाही ताप येतो आणि ऑपरेशननंतर ताप आला की तो लशीचा का जंतुसंसर्गाचा हे कळायला नको का. ओठा-गालात फिलर (भरीव दिसण्यासाठीचं इंजेक्शन) भरलेल्यांनीही लशीच्या वेळी सांगावं, मॉडर्नाच्या चाचण्यांमध्ये फिलर असलेल्या तीन जणांचा चेहरा किंवा ओठ लशीनंतर सुजला होता, ती सूज उपचाराने उतरली, पण दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात करायची गरज नाही.

तंबाखू. यावर मी जास्त बोलते आणि बोलणारच, कारण माझ्या १४ वर्षांत कातडी काळी पडून सुटलेली जेवढी प्रकरणं बघितली त्यातल्या बहुतेकांत तंबाखू होती. निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात, आणि प्लास्टिक सर्जरीत आम्ही कातडी उचलून, ताणून, दुसऱ्या जागी लावतो, तिचा जीव त्या बारीक वाहिन्यांवरच असतो. रक्त पोचलं नाही की कडा आधी जांभळी होते, मग काळी, आणि मग ती कापून टाकायला लागते, पोटावर तळहाताएवढी उघडी जखम महिना-दीड महिना ड्रेसिंग करत बसायचं. सिगारेट ओढत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात आणि दातांना मिश्री लावतात! मिश्री, गुटखा, मावा, जर्दा, निकोटीनची च्युइंगम, सगळ्यात तेच निकोटीन आहे. ऑपरेशनच्या आधी किमान ४ आठवडे आणि नंतर ४ आठवडे पूर्ण बंद. बायका मिश्रीबद्दल डॉक्टरांना सांगत नाहीत, नवऱ्यासमोर-सासऱ्यासमोर तर नाहीच नाही, म्हणून मी त्यांना बाजूला घेऊन विचारते. तुम्हाला कुणी विचारलं नाही तर तुम्हीच नर्सला बाजूला घेऊन सांगा.

डॉक्टर निवडताना डिग्री बघायची. प्लास्टिक सर्जनकडे एमबीबीएस, मग एमएस आणि त्यावर तीन वर्षांचं एमसीएच प्लास्टिक सर्जरी किंवा त्याच विषयातलं डीएनबी असतं. बोर्डावर नुसतं ‘कॉस्मेटिक’, ‘एस्थेटिक’ लिहिलेलं असेल तर मागची डिग्री कुठली ते विचारा, विचारल्यावर चांगला डॉक्टर रागावत नाही. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे डॉक्टरांची नोंदणी तपासता येते. कोविडची दोन वर्षं सरल्यावर इथे कॉलेज रोड-गंगापूर रोडला नवीन नवीन क्लिनिक उघडलीत, त्यात चांगलीही आहेत, पण केस काढायच्या लेझरच्या खोलीत लायपो करणारी जागा ओटी होत नाही. विचारायचं काय, तर भूल कोण देणार आणि ते पूर्णवेळ थांबणार का, ऑक्सिजनची सोय कशी आहे, आयसीयू आतच आहे का आणि नसेल तर कुठे हलवणार, रात्री पेशंटजवळ कोण असतं, आणि ऑपरेशननंतर रात्री दोन वाजता मी कुणाला फोन करायचा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून एका माणसाचा नंबर मिळाला पाहिजे. दवाखान्याची नोंदणी आणि रुग्ण हक्कांची सनद भिंतीवर लागलेली असते, तीही बघून घ्या.

पैशाचं थोडक्यात. दिसण्यासाठीच्या ऑपरेशनला मेडिक्लेम मिळत नाही, पण अपघात, भाजणं, कॅन्सर यानंतरचं पुन्हा उभारणीचं ऑपरेशन असेल किंवा डॉक्टरांनी वैद्यकीय गरज म्हणून लेखी दिलं असेल तर मिळू शकतो, म्हणून ॲडमिट व्हायच्या आधी पॉलिसीवाल्यांकडून लेखी घ्या. जीएसटीचंही तसंच आहे, निव्वळ कॉस्मेटिक असेल तर लागतो, २०२२ मध्ये तो १८ टक्के होता, जन्मजात व्यंग किंवा इजेसाठी असेल तर नाही, म्हणजे तेव्हा लाखाच्या बिलावर १८ हजारांचा फरक पडायचा, आता दर किती आणि कोटेशन जीएसटी धरून आहे का ते आधी विचारा. २०२० चं कोटेशन दाखवून भांडू नका, पीपीई, टेस्टिंग, औषधं सगळ्याचे दर हललेत. भाजल्याचं किंवा तसं ऑपरेशन असेल तर सरकारच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का ते आरोग्यमित्राला विचारा, योजनेतल्या प्रत्येक दवाखान्यात त्यांचं टेबल असतं. पेठच्या त्या मुलीचंही आम्ही तसंच बघितलं.

आता तारीख. लग्न असेल तर लग्नाच्या पंधरा दिवस आधी नाक करून मिळणार नाही, नाकावरचं प्लास्टर आठवड्याने निघतं, डोळ्याखालचा काळानिळा रंग दहा-पंधरा दिवसांनी जातो, पण सूज पूर्ण उतरून खरा आकार दिसायला वर्ष लागतं, म्हणून मुहूर्ताच्या आधी चार-सहा महिने धरा. कोविडच्या दोन वर्षांत लोकांना मास्कची आणि वर्क फ्रॉम होमची सोय होती, सूज मास्कमागे झाकून जायची, आता अंबड-सातपूरच्या कंपन्यांमध्ये रोज हजेरी आहे, सुट्टी आधी मंजूर करून घ्या. पोटाच्या ऑपरेशनला बसून करायच्या कामासाठी दोन-तीन आठवडे, आणि वजन उचलायचं असेल तर सहा आठवडे, त्यात पाण्याचा हंडा, गॅस सिलेंडर, लहान मूल कडेवर घेणं, द्राक्षाचं वीस किलोचं क्रेट, कांद्याची गोणी सगळं आलं. निफाड-पिंपळगाव-दिंडोरीकडच्या द्राक्ष बागायतदारांना मी जुलै-ऑगस्ट सुचवते, ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की घरात कुणी बसू देत नाही आणि बाईला तर नाहीच. लायपो आणि टमी टकचा पट्टा चार ते सहा आठवडे जवळजवळ दिवसरात्र घालावा लागतो, एप्रिल-मेच्या उन्हात त्याखाली घामोळ्या येऊन कातडी सोलते, तेव्हा घाई नसेल तर थंडीतली तारीख घ्या. मुंबईला जाऊन करणार असाल तर त्याच दिवशी कसारा घाट चढून परत यायचा विचार करू नका. कोविड होऊन गेलेल्यांना आधीच गुठळ्यांची भीती जास्त, त्यात चार तास पाय दुमडून बसणं. मुक्काम करा, येताना तासातासाला गाडी थांबवून पाच मिनिटं चाला.

तारखेच्या आधीचे दहा दिवस लग्नं, बारशी, गर्दीचे मॉल टाळा, मास्कची सक्ती नाही तरी या दहा दिवसांत लावा. सर्दी, खोकला, ताप काहीही आलं तर लगेच फोन करा, गोळी घेऊन ताप दाबून येऊ नका. तारीख पुढे गेली तर आम्ही रागावणार नाही, खोकत्या माणसाचं पोट शिवलं तर टाके खोकल्याबरोबर ताणले जातात, ते आम्हालाही नको असतं.

आदल्या रात्री हलकं जेवा. ऑपरेशनच्या ६ तास आधी खाणं बंद, तेलकट-तुपकट असेल तर ८ तास, साधं पाणी साधारण २ तास आधीपर्यंत चालतं पण तुमच्या भूलतज्ज्ञांनी जे सांगितलं तेच पाळा. आणि दुधाचा चहा हे पाणी नाही, तो जेवणातच धरायचा! ‘नुसता चहा घेतला हो, सोबत एकच खारी’ यावरून सकाळची केस संध्याकाळवर गेलेली मी कितीतरी वेळा बघितलीये, पोटातलं फुप्फुसात जाऊ शकतं म्हणून हे एवढं कडक असतं. नेलपेंट काढा, बोटांच्या टोकांवर गडद मेहंदी नको, ऑक्सिमीटरचा आकडा नीट येत नाही. जोडवी आणि अंगठ्या आदल्या रात्रीच साबण लावून काढा, सुजलेल्या बोटातून सकाळी निघत नाहीत आणि ओटीच्या दारात कापायची वेळ येते, बाईच्या डोळ्यात पाणी येतं, मला ते करवत नाही. पुढून बटणाचा गाऊन किंवा शर्ट आणा, डोक्यातून घालायचं काही नको. आणि सोबत एकच माणूस, पण रात्री जागू शकेल असा.

ऑपरेशननंतर सगळ्यात जास्त ऐकायची गोष्ट म्हणजे चालायला सांगितलं की चालायचं. त्याच संध्याकाळी, दुखत असलं तरी, वाकून का होईना, खोलीतल्या खोलीत. बाळंतिणीसारखं निजवून ठेवायची आपल्याकडे पद्धत आहे, घरचे प्रेमानेच करतात, पण पाय न हलवल्याने पोटरीत गुठळी होते आणि ती फुप्फुसात गेली तर जीवावर येतं. एकाच पायाला सूज, पोटरी दाबल्यावर दुखणं, अचानक दम लागणं किंवा छातीत दुखणं, एकाच बाजूला भराभर वाढणारी घट्ट सूज, १००.४ च्या वर ताप, टाक्यांतून पू किंवा घाण वास, कातडीची कडा जांभळी-काळी दिसणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघायची नाही, तो रात्रीचा नंबर लावायचा, आणि दम लागत असेल तर सरळ १०८.

नाकाचं ऑपरेशन झालेल्यांनी चार ते सहा आठवडे चष्म्याचं वजन नाकावर टाकू नका, आणि मास्कची वरची तार दाबून बसवू नका, सैल ठेवा. व्रणावर वर्षभर ऊन पडू देऊ नका, गाडीवर जाताना ओढणी आणि खाली सनस्क्रीन दोन्ही, कोवळा व्रण उन्हाने काळा पडतो आणि मग तो तसाच राहतो. हळद, कोरफड, गावातल्या कुणी दिलेलं मलम टाक्यांवर काही लावायचं नाही, टाके निघाल्यावर मसाज कधी आणि कसा करायचा ते आम्ही हाताने करून दाखवतो, शिकून घ्या आणि रोज करा.

आणि फॉलोअपला येताना पट्टा अंगावर घालून या. बऱ्याच जणी तो धुऊन, घडी करून पिशवीत घालून आणतात, डॉक्टरसमोर नीटनेटकं दिसावं म्हणून. पण पट्टा कुठे रुततोय, कुठे सैल झालाय, त्याखाली पाणी साचलंय का, हे तो अंगावर असतानाच कळतं, आणि सैल झाला असेल तर मी तिथेच उभं राहून बाजूची शिवण आत घेऊन देते, दहा मिनिटांचं काम असतं.